पस सेल्स ८–१० : लघवीचा रिपोर्ट वाचताना

'लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स ८–१० आल्यात. इन्फेक्शन आहे ना? कुठली गोळी घेऊ?'

लघवीच्या तपासणीबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात ते हेच. रिपोर्टवर त्या ओळीपुढे '०–५' अशी मर्यादा छापलेली असते आणि आपला आकडा ठळक ठशात. शिवाय पस म्हणजे पू, हे सगळ्यांना ठाऊक. माणूस घाबरला तर नवल नाही. त्याच रिपोर्टवर जरा खाली 'एपिथेलियल सेल्स १५–२०' असंही लिहिलेलं असतं. ती ओळ मात्र कुणी वाचत नाही आणि नेमकं अर्धं उत्तर तिथंच असतं.

लघवीच्या रिपोर्टमधली एकटी ओळ फार थोडं सांगते. दोन-तीन ओळी एकमेकींशी ताडून पाहायच्या, त्यांना त्या माणसाच्या तक्रारीची जोड द्यायची, मग अर्थ लागतो. तो कसा लावतात, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे. औषध ठरवायचं काम डॉक्टरांचंच.

१. लघवीत एखादी गोष्ट येते कुठून?

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. त्यातलं बहुतेक सगळं पाणी, साखर आणि कामाचे क्षार पुढच्या बारीक नळ्यांमधून परत रक्तात घेतले जातात. लघवी म्हणून बाहेर पडतं ते साधारण दीड लिटर. हा हिशेब लक्षात ठेवला की रिपोर्ट पुष्कळसा सोपा होतो. लघवीत नको ती गोष्ट दिसली तर एक तर ती रक्तातच जास्त झाली आहे, किंवा मूत्रपिंडाची गाळणी गळते आहे, किंवा गाळणीच्या खाली मूत्राशयापर्यंतच्या आणि त्यापुढच्या वाटेत कुठेतरी ती मिसळली आहे. चौथी शक्यता सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वेळा खरी ठरणारी: ती शरीराच्या आत नव्हतीच, डबी भरताना बाहेरून पडली.

म्हणून डबी कशी भरली याला महत्त्व. सकाळची पहिली लघवी बहुतेक तपासण्यांसाठी चांगली, कारण ती रात्रभर साठून दाट झालेली असते. आधी ती जागा साध्या पाण्याने धुवायची. सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, शेवटची पुन्हा सोडून द्यायची. स्त्रियांनी पाळीच्या दिवसांत ही तपासणी शक्यतो करू नये. करावीच लागली तर लॅबमध्ये तसं सांगावं, नाहीतर रिपोर्टमध्ये रक्त येणार आणि घरभर काळजी पसरणार. डबी लॅबनं दिलेलीच घ्यावी. कफ सिरपची बाटली खळबळून आणली तर आतली साखर पुरती निघालेली नसते आणि भलत्याच माणसाला मधुमेह चिकटतो.

डबी भरली की दोन तासांच्या आत ती तपासली गेली पाहिजे. मे महिन्यात सकाळी सहाला भरलेली डबी बाथरूमच्या खिडकीत ठेवून साडेनऊला ऑफिसला जाता जाता लॅबमध्ये दिली, तर मधल्या साडेतीन तासांत तीत बरंच काही घडून जातं. जंतू वाढतात, असलेली साखर खाऊन टाकतात. युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतात. रक्तपेशी फुटतात. उशीर होणारच असेल तर झाकण घट्ट लावून डबी फ्रिजमध्ये ठेवावी (फ्रीझरमध्ये नव्हे) आणि घरातल्यांना तसं सांगून ठेवावं.

२. रंग

निरोगी लघवीचा रंग पाण्यासारख्या फिक्यापासून गडद पिवळ्यापर्यंत कुठलाही असू शकतो. पाणी कमी प्यायलं की गडद, जास्त प्यायलं की फिका. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेणाऱ्यांची लघवी झगझगीत पिवळी होते, ते रायबोफ्लेविनमुळे. बीट खाल्ल्यावर काहीजणांची लाल होते. क्षयाच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनने ती नारिंगी-लाल होते. घाम आणि अश्रूंनाही तो रंग चढतो. औषध बाधलं असं समजून कुणी ते बंद करतात. तसं मुळीच करू नये, तो रंग निरुपद्रवी आहे.

विशेष काळजी करायची ती दोन रंगांची. कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी तपकिरी लघवी, आणि मोहरीच्या तेलासारखी दाट पिवळी, जोडीला डोळेही पिवळे. पहिलीत रक्त असू शकतं, दुसरीत काविळीचं पित्त. दुसऱ्या प्रकारात रिपोर्टवर बिलिरुबिन 'पॉझिटिव्ह' येतं. निरोगी लघवीत ते नसतंच. त्याच्याच शेजारचं युरोबिलिनोजेन मात्र थोडं असणं ठीक, म्हणून तिथं 'नॉर्मल' असं लिहितात.

३. पट्टी

पन्नाशी-साठीच्या वाचकांना आठवत असेल: घरात मधुमेही आजोबा असले की स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी आणि निळ्या द्रावणाची बाटली असायची. नळीत ५ मिलिलिटर निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब, आणि उकळी. रंग निळाच राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि शेवटी विटकरी म्हणजे भरपूर. ही चाचणी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांच्या नावाची. तिचा दोष असा की साखरेखेरीज दुसऱ्या काही पदार्थांनीही, अगदी क जीवनसत्त्वानेही, तिचा रंग बदले.

१९५६ साली आल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्याच्या कामातून लघवीत बुडवून लगेच वाचायची साखरेची पट्टी बाजारात आली. आज लॅबमध्ये वापरतात त्या पट्टीवर दहा-एक रंगीत चौकोन असतात. बुडवायची, जादा लघवी टिपायची, ठरलेल्या सेकंदांनी प्रत्येक चौकोनाचा रंग ताडून पाहायचा. रिपोर्टचा 'केमिकल' हा भाग बहुधा असाच तयार होतो. या पट्टीलाही क जीवनसत्त्वाची अडचण आहेच, फक्त उलट्या दिशेची. बेनेडिक्टमध्ये नसलेली साखर दिसायची, इथं असलेली साखर आणि असलेलं रक्त कमी दिसू शकतं. फसफसणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

४. साखर आणि कीटोन

रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत घेता येत नाही, आणि उरलेली लघवीत उतरते. याचा दुसरा अर्थ असा की ज्याची साखर दिवसभर १५० ते १७० च्या दरम्यान राहते, त्याची लघवी साखरेच्या बाबतीत कोरी असेल आणि तरीही त्याला मधुमेह असेल. लघवीत साखर नाही म्हणून निर्धास्त राहणं हे बेनेडिक्टच्या काळातलं समाधान झालं. मधुमेहाचं निदान रक्तावरूनच करतात. उलट बाजूही आहे. काहीजणांच्या, विशेषतः गरोदर स्त्रियांच्या, मूत्रपिंडातून रक्तातली साखर ठीक असतानाही थोडी साखर सुटते.

अलीकडे मात्र साखरेच्या ओळीनं वेगळाच घोळ घातला आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं, जी आता हृदय आणि मूत्रपिंडाच्या विकारांतही देतात, मूत्रपिंडाला साखर परत घेऊच देत नाहीत. जादा साखर लघवीवाटे घालवणं हेच त्यांचं काम. ती घेणाऱ्याच्या रिपोर्टवर साखर '+++' येणारच, रक्तातली साखर उत्तम असली तरी. मधुमेह बळावला असं समजून गोळ्या वाढवणं किंवा औषधच बंद करणं, दोन्ही चूक.

साखरेशेजारची ओळ कीटोनची. शरीराला पिष्टमय अन्न मिळालं नाही की ते चरबी जाळतं, आणि त्यातून कीटोन तयार होतात. निराहार उपवास, सततच्या उलट्या, गरोदरपणातलं न टिकणारं अन्न, अशा वेळी ते थोडे दिसतात. (साबुदाण्याची खिचडी, रताळी आणि वऱ्याचे तांदूळ खाऊन केलेल्या एकादशीला ते सहसा दिसत नाहीत.) मधुमेही माणसाच्या लघवीत मात्र कीटोन '++' किंवा अधिक असतील, जोडीला उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असेल, तर त्याच वेळी रुग्णालय गाठायचं. वर सांगितलेल्या औषधांवर असलेल्यांमध्ये रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही ही अवस्था येऊ शकते. त्यांनी कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

५. प्रोटीनचा एक '+' किती मोठा?

इथं आधी स्पेसिफिक ग्रॅव्हिटी समजून घ्यावी लागते. ही लघवीची घनता. शुद्ध पाण्याची १.०००. लघवीची बहुधा १.००५ ते १.०३०. आकडा मोठा म्हणजे लघवी दाट, लहान म्हणजे पाणचट. बहुतेकजण ही ओळ सोडून पुढे जातात, पण शेजारची प्रत्येक ओळ तिच्याशी ताडून वाचायची असते.

गाळणी धड असेल तर प्रथिनं फारशी सुटत नाहीत. दिवसभरात १५० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. पट्टीवरचा '+' म्हणजे १०० मिलिलिटर लघवीत सुमारे ३० मिलिग्रॅम प्रथिनं, '++' म्हणजे सुमारे १००, '+++' म्हणजे सुमारे ३००. म्हणजे पट्टी सांगते ते प्रमाण, एकूण किती गेलं ते नव्हे. चमचाभर मीठ तांब्याभर ताकात घाला किंवा बादलीभर ताकात, मीठ तेवढंच, चव वेगळी.

आता आकडे घालून पाहू. एक माणूस दिवसभरात ६०० मिलिलिटरच लघवी करतो, दाट, घनता १.०३०. त्याच्या '+' चे दिवसाचे होतात १८० मिलिग्रॅम, मर्यादेच्या जरा वर. दुसरा भरपूर पाणी पितो, ३ लिटर लघवी करतो, घनता १.००५. त्याचाही '+'च. दिवसाचे ९०० मिलिग्रॅम. कागदावर दोघांचा रिपोर्ट सारखा, पण दुसऱ्याची गाळणी खरोखर गळते आहे. त्याच न्यायाने दाट लघवीतला 'ट्रेस' बहुतेकदा बिनमहत्त्वाचा, आणि पाणचट लघवीतला 'ट्रेस' पुन्हा तपासण्याजोगा.

तापात, आदल्या दिवशी अर्धमॅरेथॉन पळाल्यावर, तालमीत जोरदार मेहनत केल्यावर तात्पुरती प्रथिनं दिसतात. वयात येणाऱ्या काही मुलांमध्ये दिवसभर उभं राहिल्यावर दिसतात आणि सकाळच्या पहिल्या लघवीत नसतात. म्हणून एका '+' वर निकाल द्यायचा नाही, काही दिवसांनी सकाळच्या लघवीवर पुन्हा पाहायचं. लघवीला फेस येणं आणि तो जाता न जाणं, सकाळी डोळ्यांखाली सूज, पावलांवर दाबलं की खळगा पडणं, हे असेल तर वाट पाहू नये. आणि गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर प्रथिनं आणि रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल, तर ती गोष्ट त्याच दिवशीची. पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत ठेवायची नाही.

६. सूक्ष्मदर्शकाखाली

आता पहिल्या प्रश्नाकडे. लॅबमध्ये लघवीची नळी यंत्रात पाचेक मिनिटं गरागरा फिरवतात. पेशी तळाशी बसतात. वरचं पाणी ओतून देतात आणि तळाचा थेंब काचपट्टीवर घेऊन ४०० पट मोठा करून पाहतात. त्या वेळी भिंगातून जेवढं वर्तुळ दिसतं, तेवढ्यात किती पेशी, हा तो आकडा. रिपोर्टवर 'पर एचपीएफ' लिहितात ते हेच. तंत्रज्ञ अशी बरीच वर्तुळं पाहून अंदाज लिहितो. किती लघवी घेतली, किती फिरवली, किती ओतली, यावर तो हलतो. त्यामुळे मागच्या वेळच्या ४ चे आता ७ झाले, म्हणजे आजार वाढला, असं होत नाही.

पस सेल्स म्हणजे आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, जंतूंशी लढणाऱ्या. एपिथेलियल सेल्स म्हणजे त्वचेच्या आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेल्या अस्तराच्या झडून पडलेल्या पेशी. त्या पुष्कळ असतील तर लघवी डबीत येताना आजूबाजूचं धुऊन घेऊन आली, एवढंच ठरतं. मग तिच्याबरोबर बाहेरच्या पांढऱ्या पेशी आणि जंतूही आले असणार.

समजा, ३४ वर्षांची एक स्त्री ऑफिसच्या आरोग्य तपासणीला गेली. तक्रार काही नाही. पस सेल्स ८–१०, एपिथेलियल १५–२०, बॅक्टेरिया '+', नायट्राइट निगेटिव्ह. हा बिघडलेला नमुना आहे. नीट मधली धार घेऊन पुन्हा तपासायचं, गोळी नको.

दुसरी, २६ वर्षांची. दोन दिवस उन्हाळी लागली आहे, सारखं जावं लागतं, थेंब थेंब होते, ओटीपोट दुखतं. पस सेल्स २५–३०, एपिथेलियल १–२, तांबड्या पेशी ४–६, नायट्राइट पॉझिटिव्ह. इथं सगळ्या ओळी एकाच दिशेनं बोट दाखवतात. नायट्राइट ई. कोलायसारखे जंतू तयार करतात, आणि त्यासाठी लघवी मूत्राशयात चारेक तास साठलेली असावी लागते. म्हणून जी बाई दर अर्ध्या तासाला जाते आहे तिचं नायट्राइट निगेटिव्ह आलं, तरी जंतुसंसर्ग नाही असं ठरत नाही. धने-जिऱ्याच्या पाण्यानं बरं वाटत असेल तर प्यावं, पण त्यानं हा संसर्ग जात नाही. डॉक्टरांनी कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी) सांगितलं असेल तर त्याची डबी पहिली गोळी घेण्याआधी द्यावी. आधी मेडिकलमधून दोन गोळ्या आणून घ्यायच्या आणि मग कल्चरला जायचं, म्हणजे जंतू अर्धमेले होतात, वाढत नाहीत, आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळायची संधी जाते.

वयस्कर आणि मधुमेही माणसांच्या लघवीत काही तक्रार नसतानाही जंतू सापडतात. त्यांना प्रतिजैविकं द्यायची गरज नसते. अपवाद गरोदर स्त्रियांचा आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेल्यांचा. याउलट, पस सेल्स महिनोन्‌महिने भरपूर आणि कल्चरमध्ये मात्र काहीच वाढत नाही, असं झालं तर मुतखडा आणि मूत्रमार्गाचा क्षय या दोन गोष्टी आपल्याकडे आवर्जून पाहायला हव्यात. साध्या कल्चरमध्ये क्षयाचा जंतू वाढत नाही.

७. तांबड्या पेशी

पस सेल्सची जेवढी धास्ती, तेवढीच तांबड्या पेशींची उपेक्षा. मर्यादा २ पर्यंत. समजा ५८ वर्षांचा, तंबाखू ओढणारा माणूस. तक्रार नाही, दुखत नाही. पस सेल्स १–२, प्रोटीन निल, आरबीसी (म्हणजे तांबड्या पेशी) १०–१२. 'उष्णता झाली असेल' म्हणून तो कागद कपाटात जातो. हा रिपोर्ट पहिल्या स्त्रीच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी गंभीर आहे. मुतखडा असेल, प्रोस्टेट असेल, पण मूत्राशयाचा कर्करोगही असाच, न दुखता, थोडं रक्त देऊन सुरू होऊ शकतो, आणि तंबाखूचा धूर हे त्याचं एक मोठं कारण आहे. सोनोग्राफी आणि मूत्ररोगतज्ज्ञांची भेट, दोन्ही लवकर.

तांबड्या पेशींसोबत 'कास्ट' हा शब्द आला तर रक्त कुठून आलं हे शोधावं लागत नाही. मूत्रपिंडातल्या बारीक नळीत प्रथिन गोठून त्या नळीचा जो साचा तयार होतो तो कास्ट. त्यात तांबड्या पेशी अडकलेल्या असतील तर रक्त मूत्रपिंडातूनच येतं आहे. घसा दुखून गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजला, लघवी कोलासारखी झाली आणि रिपोर्टवर आरबीसी कास्ट आले, तर त्या मुलाचा रक्तदाब त्याच दिवशी मोजला पाहिजे. नुसते हायलाइन कास्ट एक-दोन असले तर त्याचं काही नाही.

क्रिस्टल्सबद्दल थोडक्यात: लघवी गार झाली की त्यातले क्षार खाली बसतात. 'कॅल्शियम ऑक्झलेट फ्यू' याचा अर्थ मुतखडा आहे असा नव्हे. ती ओळ वाचून टोमॅटो आणि पालक कायमचे सोडलेली माणसं पुष्कळ. पाणी वाढवलं असतं तर जास्त उपयोग झाला असता.

८. या रिपोर्टमध्ये काय येत नाही

संपूर्ण कोरा रिपोर्ट म्हणजे मूत्रपिंडं उत्तम, असं मात्र समजू नये. मूत्रपिंड किती काम करतं ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून आणि त्यातून काढलेल्या ईजीएफआरवरून कळतं. आणि मधुमेहात किंवा रक्तदाबात गाळणी गळायला लागते तेव्हा सुरुवातीची गळती इतकी बारीक असते की साध्या पट्टीला ती दिसत नाही, प्रोटीनपुढे 'निल'च येतं. ती पकडणारी वेगळी तपासणी आहे, लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, लॅबच्या भाषेत 'एसीआर'. ३० च्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे. या टप्प्यावर औषधांनी आणि रक्तदाब आटोक्यात ठेवून मूत्रपिंडाचं नुकसान पुष्कळ रोखता येतं. तुम्हाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर लघवीचा साधा रिपोर्ट कोरा आला तरी वर्षातून एकदा एसीआर आणि क्रिएटिनिन या दोन तपासण्या डॉक्टरांकडे स्वतःहून मागा.